नऊ मिनिटांचा जबाब

जगदाळ्यांच्या गाडीतून बापलेक दोघंच उतरले. बायडाबाईंनी गाडीच्या मागच्या दाराकडे दोनदा पाहिलं, पण ते उघडलं नाही.

"वहिनी न्हाई आल्या?" त्यांनी विचारलं.

"तिला जरा बरं नाही," हिंदुराव म्हणाले.

शुभंकर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "आई बरी आहे. तिला यायचं नव्हतं."

अपेक्षा आणि शुभंकरचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता. आज लग्नाची तारीख धरायची होती. तारीख धरायला मुलाची आईच येत नाही म्हणजे काय, हे बायडाबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या आत गेल्या आणि त्यांनी लेकीला, अपेक्षाला, पानं वाढायला सांगितलं.

हॉलमध्ये बायडाबाईंचा मुलगा विक्रम उठून उभा राहिला. "या, सर."

हिंदुरावांनी नुसती मान हलवली. अकरा दिवसांनी दोघं समोरासमोर येत होते. एरवी महिन्यातले आठ-दहा दिवस ते एकाच कॉकपिटमध्ये काढायचे. हिंदुराव जगदाळे कॅप्टन, विक्रम त्यांचा को-पायलट. अपेक्षाचं स्थळसुद्धा तिथूनच आलं होतं. परगावच्या मुक्कामात, हॉटेलात डाळभात खाताना हिंदुरावांनी विचारलं होतं, तुझ्या बहिणीचं कुठं जमलंय का रे? विक्रमने तिथूनच घरी फोन लावला होता.

मग अकरा दिवसांपूर्वी गुवाहाटीहून पुण्याला येताना काहीतरी घडलं. विक्रमने ते कंपनीला लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही ड्युटीवरून उतरवून घरी बसवलं. बायडाबाईंना एवढंच ठाऊक होतं. पोरगा बोलत नव्हता, आणि नवऱ्याला, आप्पासाहेबांना, विचारलं की ते म्हणत, तुला काय करायचंय.

जेवणं मुकाट झाली. हिंदुरावांनी एक पोळी खाल्ली. वारज्यापासून हडपसरला यायला दीड तास लागला, पुलाखाली किती वेळ अडकलो, याच्यावर थोडं बोलणं झालं आणि तेही संपलं. शनिवारी मार्केट यार्ड बंद असतं म्हणून आप्पासाहेब घरी होते. एरवी ह्या वेळेला ते कांद्याच्या गाळ्यावर असायचे. त्यांनी सुपारी कातरून संपवली आणि अडकित्ता खाली ठेवला.

"चारपर्यंत मुदत हाय म्हणं."

"हो," शुभंकर म्हणाला. "काल कंपनीतून फोन आला होता. विक्रमदादाने पहिला रिपोर्ट मागे घ्यायचा आणि नवीन स्टेटमेंट द्यायचं. रेडिओचा आवाज चुकून कमी झाला होता, त्यामुळे कंट्रोलचं बोलणं ऐकू आलं नाही. दोघेही जागे होते. एवढं दिलं की मॅटर क्लोज. सोमवारपासून दोघं परत ड्युटीवर."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तर चौकशी. विमान कॅप्टनच्या ताब्यात असतं, म्हणजे निष्काळजीपणा पप्पांच्या नावावर. अठ्ठावन्नाव्या वर्षी असा शेरा लागला की कुठलीच कंपनी उभं करत नाही. दादाला काय, तो एकतीसचा आहे."

"मलाही कुणी उभं करणार नाही," विक्रम म्हणाला. "तेवढं तुला त्यांनी सांगितलं नसेल."

बायडाबाई दारात उभ्या होत्या. जागे होते, एवढाच शब्द त्यांच्या कानात राहिला होता.

"मंग जागं नव्हता का तुमी?"

आप्पासाहेब म्हणाले, "तू चहाचं बघ."

"विचारू दे तिला, आप्पा," विक्रम म्हणाला. तो आईकडे वळला. "नव्हतो, आई. दोघंही झोपलो होतो. नऊ मिनिटं. खालून सात वेळा हाक मारली, ती ऐकली नाही. मागून हवाई सुंदरीने आतला फोन वाजवला तेव्हा मला जाग आली. मग मी सरांना हलवलं."

"इमान कोण चालवत हुतं?"

"ते आपोआप चालतं, लावून दिलं की."

"उतरतं बी आपोआप?"

"नाही."

"माणसं किती हुती?"

"एकशे ब्याऐंशी. त्यांच्यात तान्ही पोरं सहा."

बायडाबाईंनी दाराची चौकट धरली. तान्ही पोरं सहा.

"सलग चौथी पहाट होती," विक्रम बोलतच राहिला, जणू आता थांबलं तर परत बोलता येणार नाही. "दुपारी तीनला उतरायचं, हॉटेलात पोचेपर्यंत साडेचार. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला परत विमानतळावर. कागदावर बारा तासांची विश्रांती दिसते. संध्याकाळी पाचला कुणाला झोप लागते? नऊला पडायचं, दोनला उठायचं. चार दिवस. आणि बरं वाटत नाही म्हणून ड्युटी नाकारली तर ते तास गेले. आम्हाला पैसे उडण्याच्या तासांचे मिळतात. तीनदा नाकारलं की ऑफिसात बोलावून विचारतात, नोकरी करायची आहे ना?"

"मी चाळीस वर्षं तीनला उठतोय," आप्पासाहेब म्हणाले. "झोप येती म्हणून कधी अर्ज केला न्हाई."

"तुमच्या पाठीमागे कांद्याची पोती होती, आप्पा."

"त्याच कांद्यावर शिकलास. आन् मांजरी रोडची दीड एकर गेली तुझ्या लायसनापायी. मी बोललो का कधी?"

"आज बोललात."

हिंदुरावांनी घसा साफ केला. "आप्पासाहेब, त्याने लिहिलं ते खरं आहे. मी त्याला बदलायला सांगायला आलेलो नाही."

शुभंकरने वडिलांकडे पाहिलं. "मग आलो कशाला आपण?"



*

अपेक्षा शुभंकरला घेऊन गच्चीवर आली. अकरा दिवस ती दादाच्या बाजूने होती. ह्या घरात त्याच्या बाजूने तीच एकटी होती. पहिल्या रात्री आप्पा ताडताड बोलले, तेव्हा तीच मध्ये पडली होती. ऑफिसात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करताना चूक सापडली आणि ती लपवली तर आम्हाला घरी पाठवतात, इथे चूक सांगितली तर घरी पाठवतात, हे कसलं लॉजिक, असं तिने शुभंकरलाही फोनवर ऐकवलं होतं.

आजूबाजूच्या टॉवरांनी गच्ची तिन्ही बाजूंनी झाकली होती. शुभंकर कठड्याला टेकला.

"आई जेवत नाही नीट," तो म्हणाला. "पप्पा दिवसभर झोपतात. खरंच, दहा-दहा तास. उठले की गॅलरीत बसतात. आणि आई मला विचारते, ज्या घराने आपल्या घरात हे केलं तिथली मुलगी मी रोज समोर कशी बघू?"

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणू?"

"म्हणजे तू काहीच म्हणाला नाहीस."

"अपू, मी तुझ्याशी लग्न मोडायला आलेलो नाही. पण पप्पांवर शेरा लागला तर आमच्या घरात ते लग्न कसं होणार, ते मला दिसत नाहीये. तुला दिसतंय का? तुझा दादा मांडवात, माझे वडील मांडवात. दोनशे लोक कुजबुजणार."

तिला दिसत नव्हतं. मग तिने विचारलं, "दादाने लिहिलं तर आई येतील?"

"मी आत्ता फोन लावतो."

"आत्ता नको. आधी मी बोलते."

विक्रम त्याच्या खोलीत पलंगावर बसला होता. ती आत आली, दार लोटलं, आणि त्याच्या शेजारी बसली. खालच्या हॉलमधून आप्पांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"दादा, खरं सांग. तुझा रिपोर्ट राहिला तर ड्युट्यांचं रोस्टर बदलेल?"

विक्रमने विचार केला. "माहीत नाही. निदान कुठेतरी लिहिलेलं राहील. उद्या कुणाचं काही झालं तर कुणाला म्हणता येणार नाही की सांगितलं नव्हतं."

"म्हणजे नाही बदलणार."

"बहुतेक नाही."

"मग कुणासाठी करतोयस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात आप्पा होते. तिला स्वतःलाही ते ऐकू आलं, पण आता मागे वळायचं नाही असं तिने जिन्यातच ठरवलं होतं.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," ती म्हणाली. "कॉलेजला पुढे शिकायचं होतं, तेव्हा तुझं ट्रेनिंग चालू होतं. मी नोकरी धरली. मी तक्रार करत नाही, मला आवडते नोकरी. पण आता मागते. लिही, दादा."

"तू पण, अपू?"

"मी पण."

ती हे म्हणून उठेल असं त्याला वाटलं, पण ती बसून राहिली. तिचा हात त्याच्या हाताशेजारी होता, पण तिने तो धरला नाही. मग विक्रम म्हणाला, "त्या दिवशी उतरल्यावर मी दारात उभा होतो. लोक जाताना थँक्यू म्हणत होते. एका आजोबांनी तर हात जोडले, म्हणाले, छान आणलंत. अपू, मला त्यांचा चेहरा विसरता येत नाही."

"येईल विसरता," ती म्हणाली.

नंतर अनेक वर्षं अपेक्षाला स्वतःचं हे वाक्य आठवत राहिलं. त्या दिवशी मात्र तिला ते धीराचं वाटलं होतं.

*

साडेतीनला विक्रम जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. हिंदुराव समोरच्या खुर्चीवर होते. आप्पासाहेब पंचांग काढायला आत गेले आणि शुभंकर-अपेक्षा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. विक्रम आणि हिंदुरावांना एकटं सोडायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळे बाजूला झाले.

येताना गाडीत हिंदुरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. पोराला सांगायचं, एक अक्षर बदलू नकोस. त्यातलं अर्धं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलंही. उरलेलं अर्धं अजून सांगायचं राहिलं होतं.

त्यांनी विक्रमला एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती. त्या उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी गुवाहाटीच्या हॉटेलातून त्यांनी ड्युट्या लावणाऱ्या डेस्कला फोन केला होता. झोप नाही, डोकं जड आहे, उद्याला दुसरा कॅप्टन बघा. पलीकडच्या मुलीने अदबीने सांगितलं होतं, "सर, राखीव कुणीच नाही. फ्लाइट रद्द झाली तर कारण म्हणून तुमचं नाव जाईल." तिचा काही दोष नव्हता. तिच्या समोरच्या पडद्यावर जागा रिकामी दिसत होती आणि ती भरायची होती. हिंदुराव म्हणाले होते, ठीक आहे, जातो.

हे त्यांनी आत्ता लिहून दिलं असतं तर विक्रमचा रिपोर्ट एकट्याचा राहिला नसता. कॅप्टनच्या सहीला वजन असतं. पण मग, मला जमणार नाही हे माहीत असून मी एकशे ब्याऐंशी माणसं वर नेली, हेही त्याच कागदावर आलं असतं. अकरा दिवस ते ह्या दोन गोष्टींच्या मध्ये बसून होते. गॅलरीत बसत, नाहीतर झोपत. रिकामपणाने मिळालेली ती झोप इतकी गाढ होती, की आपण किती वर्षं अर्धवट जागे होतो ह्याची त्यांना भीती वाटू लागली होती.

विक्रम टाइप करत होता. त्याची बोटं भराभर चालत होती. थांब, एवढंच म्हणायचं होतं. हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर घरी थांबलेली बायको, नम्रता, आली. इस्त्री केलेला युनिफॉर्म तिने अकरा दिवस कपाटाबाहेर लटकवून ठेवला होता. बाहेरून अपेक्षाचं हसणं ऐकू आलं, लहानसं, आज पहिल्यांदाच.

"सर, वाचून घ्या." विक्रमने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

हिंदुरावांनी चष्मा लावला. मजकूर नीटनेटका होता. रेडिओचा आवाज अनवधानाने कमी झाला. दोन्ही वैमानिक संपूर्ण वेळ सतर्क होते. पहिला अहवाल गैरसमजातून लिहिला गेला.

"वेळ चुकली आहे," ते म्हणाले. "सहा पस्तीस नाही. पहिली हाक सहा सदतीसला होती."

विक्रमने त्यांच्याकडे पाहिलं. मग पस्तीसचे सदतीस केले.

त्या क्षणी आपण काय दुरुस्त केलं ते हिंदुरावांना कळलं. पण विक्रमने बटण दाबायला हात उचलला तेव्हाही ते काही बोलले नाहीत.

स्वयंपाकघरातून बायडाबाई आल्या. चहाचा ट्रे ओट्यावर तसाच ठेवून त्या आल्या होत्या. दुपारभर त्या एकट्याच मनाशी काहीतरी ठरवत होत्या आणि आता त्यांचं ठरलं होतं.

"इक्रम, लिहू नगं. लगीन ऱ्हाईलं तर ऱ्हाऊ दे. मी बघती माझ्या पोरीचं. तू त्या इमानात परत बसू नगं."

विक्रम पडद्याकडेच बघत होता.

"गेलं, आई," तो म्हणाला. "आत्ताच गेलं."

बायडाबाईंनी हिंदुरावांकडे पाहिलं. हिंदुरावांनी चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला.

*

मग सगळं सोपं झालं. पाच मिनिटांत कंपनीची पोच आली. शुभंकरने फोन लावला, आणि नम्रताताई बायडाबाईंशी अगदी गोड बोलल्या. मनात काही ठेवू नका, पुढच्या रविवारी तुम्ही सगळे या, मी स्वतः पुरण घालते. बायडाबाई हो म्हणाल्या. आप्पासाहेबांनी पंचांग मांडीवर घेऊन मे महिन्याची सोळा तारीख धरली, कार्यालयाला फोन केला, ती तारीख रिकामी निघाली. अपेक्षाने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. विक्रमच्या हातावर ठेवताना ती थांबली, पण त्याने साखर तोंडात टाकली आणि म्हणाला, "अभिनंदन." तो हे मनापासून म्हणाला. म्हणूनच तिला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं ते लग्नाचं आहे.

"बघ," आप्पासाहेब बायडाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "उगं घाबरत हुतीस. पोरगं कामाला लागलं, पोरगी मार्गी लागली. आजून काय पायजे?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याला त्यांनी इतकं थोडक्यात उत्तर कधी दिलं नसेल. आप्पासाहेबांच्या ते लक्षात आलं नाही.

पाचच्या सुमाराला जगदाळे निघाले. बायडाबाईंनी नम्रताताईंसाठी लाडवांचा डबा भरला आणि तो गाडीपर्यंत घेऊन गेल्या. शुभंकर अपेक्षाशी फाटकात बोलत होता. आप्पासाहेब एका रिक्षावाल्याला रिक्षा मागे घ्यायला सांगत होते, गल्लीत नेहमीसारखी कोंडी झाली होती. गाडीच्या पलीकडच्या बाजूला हिंदुराव आणि विक्रम उभे होते.

दोघांचे फोन एकाच वेळी वाजले.

विक्रमने आधी पाहिलं. पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या आल्या होत्या. सोमवार, हजेरी पहाटे चार दहा. मंगळवार तेच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तेच. कॅप्टनच्या जागी जगदाळे, त्यांच्याखाली त्याचं नाव. कुणी मुद्दाम केलं नसणार. मोकळी झालेली दोन नावं रिकाम्या दोन जागांवर बसवली होती, बस्स.

"पाच पहाटा," विक्रम म्हणाला.

"हं."

"मागच्या वेळी चार होत्या."

हिंदुरावांनी फोन खिशात टाकला. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग बायकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "सोमवारी वर गेलो की आधी तू झोप. वीस मिनिटं. मी जागा राहतो. मग मी."

"तुम्हाला जागं राहवेल, सर?"

"बघू."

"ठीक आहे," विक्रम म्हणाला.

बायडाबाई मागच्या दाराशी होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी दार उघडलं, लाडवांचा डबा सीटवर ठेवला, सांडू नये म्हणून त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि दार लावलं.

"सावकाश जावा," त्या म्हणाल्या.